सेविकेच्या हातातील यंत्र

व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘कामाच्या जागी मोबाइल’ हा विषय आम्हांस दिला, तेव्हा आम्ही थोडे संकोचलो. आमची शाळा सातवीपर्यंतची. पुढे जे शिकलो ते यंत्रमागाच्या खात्यात, पगारपत्रकाचा हिशेब तपासताना आणि रात्री सार्वजनिक वाचनालय बंद होईपर्यंत बसून. संगणकशास्त्रात आम्हांस गती नाही. परंतु अंगणवाडी सेविकांच्या संघटनेचे काम करीत असता हे यंत्र त्यांच्या हातात कसे आले, त्याने काय हलके झाले नि काय जड झाले, हे आम्ही जवळून पाहिले आहे. तेवढ्याच बळावर हे लिहीत आहोत.

शहरातल्या पुष्कळ मंडळींना अंगणवाडी म्हणजे मुलांना खिचडी वाटण्याची जागा, एवढेच ठाऊक असते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. साधारणपणे ४०० ते ८०० वस्तीमागे एक अंगणवाडी, तीत एक सेविका व एक मदतनीस. सहा वर्षांखालील मुलांची वजने, गरोदर व स्तनदा मातांच्या घरभेटी, लसीकरणाच्या दिवशी मुले गोळा करणे, बालवाडीची गाणी, घरी न्यायच्या आहाराचे वाटप, हे सगळे त्यांच्याकडे. आणि या सर्वांची नोंद ठेवायला ११ रजिस्टरे! एकाच मुलाचे नाव कुटुंबपाहणीत, आहारात, वजनात, लसीकरणात असे चार ठिकाणी लिहायचे. महिनाअखेर सगळ्यांच्या बेरजा जुळवून अहवाल पर्यवेक्षिकेकडे न्यायचा. आमच्या ओळखीच्या एक ताई म्हणत, “दादा, मूल मांडीवर कमी आणि वही मांडीवर जास्त असते.”

मार्च २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाले आणि सेविकांना फोन देण्याचे ठरले, तेव्हा या ताईंना आनंदच झाला होता. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कामगार चळवळीतला माणूस म्हणजे यंत्राचा वैरी, अशी एक समजूत आहे. ती आमच्या बाबतीत तरी खरी नाही. त्या वेळच्या अॅपमध्ये ११ पैकी १० रजिस्टरांची सोय होती. एकदा नाव घातले की ते पुन्हा लिहावे लागत नसे. कोणत्या घरी केव्हा भेट द्यायची याची यादी फोनच काढून देई. मध्य प्रदेश व बिहार येथे झालेल्या पाहणीत या साधनामुळे घरभेटींत वाढ झाल्याचे दिसून आले. हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

यंत्राची मदत नेमकी कोठे होते, ते एका उदाहरणाने सांगतो. वजनाच्या तक्त्यावर हिरवा, पिवळा आणि नारिंगी असे पट्टे असतात. १४ महिन्यांची एक मुलगी ८ किलो भरली. तक्त्यावर ती हिरव्या पट्ट्यात बसते, म्हणजे काळजीचे कारण नाही. पण मागच्या महिन्यात तिचे वजन साडेआठ किलो होते, हे त्याच क्षणी समोर दिसले, तर सेविका लगेच आईला विचारील: जुलाब झाले होते का? अंगावरचे दूध सोडवले का? आई शेतावर जायला लागली का? वहीत मागचे पान उलटून हे पाहता येते. परंतु चाळीस मुले रांगेत असताना कोण पान उलटते? फोनने ते आपण होऊन दाखवावे. हेच यंत्राचे खरे काम. तेच आकडे नुसते वर, जिल्ह्याला आणि दिल्लीला जात असतील व सेविकेच्या हाती काहीच परत येत नसेल, तर तिच्या दृष्टीने ते बारावे रजिस्टर झाले. म्हणून एखाद्या कचेरीत वा कारखान्यात असे साधन आले की आम्ही एकच प्रश्न विचारतो: जो नोंद घालतो, त्याला ते काय परत देते?

हा प्रश्न २०२१ साली ऐरणीवर आला. आधीचे अॅप बंद झाले आणि १ मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ आले. ते आले इंग्रजीत. फोन २ जीबीचे, हमीची मुदत संपलेली. अॅप उघडले की फोन हँग. दुरुस्तीचा खर्च बाईंच्या माथी. आणि हे सारे मानधनावर, कारण सरकारी भाषेत हे वेतन नव्हेच. सेविकेला दरमहा ५०० व मदतनिसाला २५० रुपये प्रोत्साहन भत्ता होता. पण तोही कामगिरीशी बांधलेला आणि कामगिरी दिसायची ती अॅपमध्ये. म्हणजे मुलांना आहार मिळाला तरी नोंद चढली नाही, तर काम झालेच नाही! त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभर हजारो सेविकांनी मोर्चे काढून फोन प्रकल्प कार्यालयांत परत केले. टेबलावर फोनांचे ढीग लागलेले आम्ही पाहिले. वर्तमानपत्रांतून काहींनी ‘बायकांना तंत्रज्ञान नको’ असे म्हटले. अहो, त्याच बायका घरी मुलाच्या फोनवरून विजेचे बिल भरत होत्या. त्यांना आपल्या भाषेत चालणारा, न अडकणारा फोन हवा होता. पुढे अॅपमध्ये मराठीसह इतर भारतीय भाषा आल्या. त्या आधीच का आल्या नाहीत, याचे उत्तर आम्हांस अजून कोणी दिलेले नाही.

भाषेचा प्रश्न सुटला तसा दुसरा उभा राहिला. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा फोनवर पडताळणे सक्तीचे झाले. चोरी थांबावी हा हेतू. त्याला आमचा विरोध नाही. पण आधी नाव आधारशी जोडताना ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या क्रमांकावर. तो फोन पुष्कळदा नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा ऊसतोडीला किंवा पुण्यात बांधकामावर. दारात बाळ कडेवर घेऊन बाई उभी. तिला सेविका लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखते. तरी फोन म्हणतो, ओळख पटली नाही. डोंगराळ भागात तर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. शिव्या कोणाला बसतात? ज्याने नियम केला त्याला नव्हे, दारात उभ्या असलेल्या ताईला.

गिरणीतल्या घड्याळाची एक गोष्ट जुनी मंडळी सांगत. ते फाटकावर टांगलेले असे. कार्ड टोचले की पाळी सुरू, पुन्हा टोचले की पाळी संपली. फोन मात्र घरी येतो. रात्री साडेनऊला पर्यवेक्षिकेचा संदेश येतो, “ताई, आजचे फोटो राहिले.” पर्यवेक्षिकाही काय करील, तिच्या फोनवर वरून आलेला असतो! हा वेळ कामाचा की घरचा? आमचे म्हणणे असे की तो कामाचा आहे आणि तो मोजला पाहिजे. गंमत अशी की, अंगणवाडी केव्हा उघडली, किती मुले आली, याची नोंद आता अॅपमध्येच राहते. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. ‘हे अर्धवेळ, सेवाभावी काम’ असे म्हणणाऱ्यांना दाखवायला आता त्यांच्याच यंत्रातली नोंद आहे. आम्ही सेविकांना सांगतो, रोजच्या नोंदीच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा.

गेल्या महिन्यात एका अंगणवाडीत बसलो होतो. तपासणीस आलेल्या साहेबांनी आकडे विचारले. ताईंनी फोन पुढे केला. उन्हाने पडदा दिसेना, मग तो गोल गोल फिरत राहिला. साहेब म्हणाले, “ते असू द्या, वही आहे ना?” ताईंनी कपाटातून जुने रजिस्टर काढले. शेवटच्या तारखेपर्यंत भरलेले होते.