नौटंकी : पडद्यामागची पूर्वतयारी

लखनौच्या वायव्येस सुमारे २५ किलोमीटरांवर मलिहाबाद हा कसबा आहे. दशहरी आंब्याने त्याचे नाव सर्वदूर नेले. अवधच्या ह्या पट्ट्यात जत्रांतून व लग्नसमारंभांतून नौटंकी हा गायनप्रधान नाट्यप्रकार रुजला. हाथरस व कानपूर ह्या त्याच्या दोन प्रमुख शैली होत.

खेळ रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. ध्वनिवर्धक येण्यापूर्वी उघड्या मैदानातील अखेरच्या प्रेक्षकापर्यंत शब्द पोचवायचा तो केवळ गळ्याच्या बळावर, आणि तोही नगाऱ्याच्या गजरावर मात करून. न तापलेल्या गळ्याने एकदम तारसप्तक गाठू पाहणाऱ्या नटाचा आवाज मध्यरात्रीपूर्वीच बसे. आवाज हेच त्याचे भांडवल. त्रिमोहनलाल यांच्या मंडळीत लहान वयातच दाखल झालेल्या गुलाबबाईंनी (१९२६–१९९६) ह्याच भांडवलावर पुढे स्वतःची नाटक कंपनी उभारली. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

स्वरतंतू म्हणजे स्नायू व त्यांवरील नाजूक, ओलसर आवरण. उंच स्वरांत ते सेकंदास शेकडो वेळा कंप पावतात. म्हणून आधी मान, जबडा व खांदे सैल करावेत; मग ओठ मिटून गुंजन करावे; मध्य स्वर स्थिरावल्यावरच वर जावे. ऐन वेळी घोटभर पाणी पिऊन फारसे साधत नाही, कारण गिळलेले पाणी स्वरतंतूंना स्पर्शच करीत नाही. दिवसभर थोडेथोडे पीत राहिले पाहिजे.

तापवणे हा शब्द नगाऱ्याच्या बाबतीत तर अक्षरशः खरा आहे. जोडीतील लहान नगाऱ्यास झील म्हणतात. तिचे कातडे विस्तवावर शेकून ताणतात, तर मोठा नगारा ओल्या फडक्याने खालच्या स्वरात आणतात. हवा दमट असली की कातडे पुन्हा सैल पडते, आणि शेगडी खेळभर पेटती ठेवावी लागते. हे वादन खेळाच्या पुष्कळ आधी सुरू होई. गावोगाव त्याने वर्दी जाई. इकडे रंगभूषा करता करता नटांच्या अंगी लय भिनत असे.

नंतर मंडळी वंदना गात. मराठी वाचकास येथे संगीत नाटकातील नांदी आठवेल. हेतू मंगलाचरणाचाच, परंतु समूहगायनात कोणा एकाच्या गळ्यावर भार पडत नाही आणि सर्वांचे सूर जुळतात, हा व्यावहारिक लाभही लहान नव्हे. त्यानंतरच ‘रंगा’ हा सूत्रधार कथा उलगडू लागतो.

ध्वनिवर्धक आल्याने आवाज मोठा करण्याचे कष्ट वाचले. चौबोल्याची पट्टी मात्र उंचच राहिली.