दाताची पूर्वतयारी

दाताची पूर्वतयारी ही दंतवैद्यकातील एक प्रक्रिया आहे. किडलेला, झिजलेला किंवा तुटलेला दात भरण्यापूर्वी, अथवा त्यावर कॅप, ब्रिज वा व्हिनीअर बसवण्यापूर्वी दाताचा कठीण भाग कापून त्याला ठरावीक आकार दिला जातो. भरणासाठी दात कोरला जातो, तर कॅपसाठी तो चहूबाजूंनी तासला जातो. कापलेला भाग पुन्हा वाढत नसल्याने ही प्रक्रिया अपरिवर्तनीय मानली जाते.

दाताची रचना आणि मर्यादा

दाताच्या दृश्य भागावर दंतवल्काचे (एनॅमल) आवरण असते. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. दाढेच्या उंचवट्यांवर त्याची जाडी सुमारे २.५ मिमी असते व हिरडीकडे ती कमी होत जाते. दंतवल्क निर्माण करणाऱ्या पेशी दात उगवताना नष्ट होतात, त्यामुळे त्याची भरपाई शरीर करू शकत नाही. त्याखालील दंतिनात सूक्ष्म नलिका असतात. दंतमगजाच्या (पल्प) जवळ त्या अधिक रुंद व दाट होतात. म्हणून जितके खोल कापावे तितकी मगजाला इजा होण्याची शक्यता वाढते.

भरणासाठी पूर्वतयारी

अमेरिकन दंतवैद्य ग्रीन वर्डिमन ब्लॅक (१८३६–१९१५) यांनी या प्रक्रियेला शास्त्रशुद्ध चौकट दिली. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात पोकळ्यांचे दातावरील स्थानानुसार पाच वर्ग केलेले आहेत. सहावा वर्ग नंतर जोडला गेला. त्या काळी वापरात असलेले अमाल्गम, म्हणजे बोलीभाषेतील 'चांदी', दाताला चिकटत नाही आणि पातळ थरात तुटते. त्यामुळे पोकळी किमान १.५ ते २ मिमी खोल, तळाशी सपाट आणि तोंडाशी किंचित अरुंद ठेवावी लागे, जेणेकरून भरण निसटणार नाही. पुन्हा कीड लागू नये म्हणून लगतच्या निरोगी खाचाही कोरल्या जात.

१९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी दंतवल्कावर फॉस्फोरिक आम्ल लावल्यास राळ त्याला घट्ट चिकटते, असे दाखवले. पुढे कंपोझिट राळेचा प्रसार झाला आणि भरण अडकवून ठेवण्यासाठी निरोगी भाग कोरण्याची गरज कमी झाली. आता बहुधा केवळ किडलेला भाग काढला जातो. जिवंत दातात कीड मगजाच्या अगदी जवळ पोहोचली असेल, तर पोकळीच्या कडा कठीण दंतिनापर्यंत स्वच्छ केल्या जातात. मात्र तळाशी मऊ झालेला थोडा भाग तसाच ठेवून वर घट्ट भरण केले जाते. यामुळे मगज उघडे पडण्याचा धोका टळतो.

कॅपसाठी पूर्वतयारी

कॅपसाठी दाताच्या भिंती चावण्याच्या पृष्ठभागाकडे किंचित निमुळत्या केल्या जातात. समोरासमोरच्या भिंतींमधील कोन तत्त्वतः सुमारे ६ अंश सांगितला जातो. प्रत्यक्षात १० ते २० अंश स्वीकारार्ह धरतात. भिंती उलट्या कललेल्या असतील तर कॅप बसत नाही. फार निमुळत्या असतील तर ती सैल होऊन निघते. तासलेल्या दाताची उंची फार कमी असली तरीही पकड कमी पडते.

किती तासावे हे कॅपच्या साहित्यावर अवलंबून असते. संपूर्ण धातूच्या कॅपसाठी चावण्याच्या पृष्ठभागावर १ ते १.५ मिमी, तर धातूवर सिरॅमिक चढवलेल्या कॅपसाठी १.५ ते २ मिमी जागा लागते. पुढच्या दातांवरील व्हिनीअरसाठी अनेकदा ०.३ ते ०.७ मिमी पुरते. जागा अपुरी राहिल्यास कॅप पातळ होऊन तुटते किंवा फुगीर होऊन हिरडीला त्रास देते. कॅप व दात यांच्या सांध्याची रेषा सलग आणि स्पष्ट असावी लागते. फटीत जंतूंचा थर साचल्यास कॅपखाली पुन्हा कीड लागते.

साधने आणि दक्षता

१९५७ साली जॉन बॉर्डन यांनी हवेच्या दाबावर चालणारे 'एअरोटर' हे यंत्र प्रचारात आणले. अशा यंत्रातील हिऱ्याचे किंवा टंगस्टन कार्बाइडचे बर मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेरे घेते. घर्षणाने निर्माण होणारी उष्णता कमी करण्यासाठी कापताना पाण्याचा फवारा चालू ठेवतात. झॅक व कोहेन यांच्या १९६५ सालच्या माकडांवरील प्रयोगांत मगजाचे तापमान सुमारे ५.५ अंश सेल्सिअसने वाढल्यावर जवळपास १५ टक्के दातांचा मगज मृत झाला होता.

तासण्याची खोली समान राहावी म्हणून आधी मोजक्या खोलीच्या खाचा पाडतात आणि मग त्यांमधील भाग काढतात. त्यानंतर दाताचे माप किंवा डिजिटल स्कॅन घेतले जाते. कायमची कॅप तयार होईपर्यंत तात्पुरती कॅप बसवतात. तिच्यामुळे उघडे पडलेले दंतिन झाकले जाते आणि शेजारचे दात सरकत नाहीत.

दातरचनेचे जतन

एडेलहॉफ व सोरेन्सन यांच्या २००२ सालच्या अभ्यासात पूर्ण कॅपसाठी दाताच्या शिखरभागाचे वजनाने ६३ ते ७२ टक्के, तर व्हिनीअर व चिकटवायच्या ब्रिजसाठी सुमारे ३ ते ३० टक्के साहित्य काढले गेल्याचे आढळले. त्यामुळे थोड्याशा दोषासाठी किंवा केवळ सौंदर्यासाठी निरोगी दात पूर्ण तासण्यापूर्वी ब्लीचिंग, दात सरळ करण्याचे उपचार, कंपोझिट किंवा अर्धवट आच्छादन या पर्यायांचा विचार केला जातो. मूळनलिका उपचारानंतर कमकुवत झालेल्या दाढेला मात्र उंचवटे झाकणारे आच्छादन बहुधा आवश्यक ठरते. त्याअभावी चावण्याच्या दाबाने ती उभी चिरण्याची भीती असते.