फुकट म्हणजे बेवारस नव्हे

बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या एखाद्या मुद्रकाने उद्या ‘श्यामची आई’ छापायला घेतली, तर परवानगी कोणाची लागेल? कोणाचीच नाही. साने गुरुजी 1950 साली गेले. आपल्या कायद्यात मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून 60 वर्षं मोजतात, म्हणून 2011 पासून हे पुस्तक प्रताधिकारमुक्त आहे. पण ते त्याने मुंबईच्या ‘एक टाइप’च्या ‘मुक्ता’ फाँटमध्ये जुळवलं, तर फाँटपुरती गोष्ट वेगळी. मुक्ता विनामूल्य मिळतो, तरी त्याचा प्रताधिकार शाबूत आहे. वापराची मुभा परवान्याने दिलेली आहे. छापलेलं पुस्तक खुशाल विकावं, फाँटमध्ये बदलही करावा. मात्र बदललेला फाँट वाटताना तोच परवाना ठेवावा लागतो, आणि नुसता फाँट विकता येत नाही.

अटी घातल्यावर स्वातंत्र्य कसलं, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण अटच नसेल, तर कोणीही सुधारित आवृत्ती कुलूपबंद करून विकू शकतो. सॉफ्टवेअरमध्ये जीपीएल परवान्याने 1989 पासून नेमकं हेच रोखलं, तेही प्रताधिकाराच्याच जोरावर. (सगळे मुक्त परवाने इतके कडक नसतात, एमआयटी परवाना मूळ हक्कसूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, एवढंच सांगतो.) तेव्हा इंटरनेटवरून काही उतरवून घेताना सोबतची परवान्याची फाइल वाचा, ती नसेल, तर हक्क राखीव आहेत असंच धरून चाला.