दप्तर कुणाच्या घरी?

मुंबईत मुख्य कार्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेलकंपनीची ई-मेल आणि कार्यालयीन कामाची संगणकीय साधने जुलै २०२५ मध्ये एकाएकी बंद पडली. वाडिनार येथील तिच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात काही बिघाड झालेला नव्हता. कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्क्यांहून किंचित अधिक वाटा आहे. त्यामुळे युरोपीय संघाने १८ जुलै रोजी तिच्यावर निर्बंध घातले, आणि त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने आपली सेवा थांबवली. परवान्यांचे पैसे आपण पूर्ण भरले आहेत आणि त्यातील माहितीही आपलीच आहे, असे म्हणत कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. ३० जुलैला सेवा पूर्ववत झाली. निर्बंध योग्य की अयोग्य, हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. भारतीय कायद्यानुसार चालणाऱ्या संस्थेचे दप्तर भारताबाहेर घेतलेल्या निर्णयाने कुलूपबंद होऊ शकते, एवढे मात्र या प्रकरणाने स्पष्ट केले.

आणि हा प्रश्न तेलकंपन्यांपुरता नाही. पूर्वी महाविद्यालयाचे दप्तर म्हणजे एक लोखंडी कपाट, आणि त्याची किल्ली मुख्य लिपिकाच्या खणात. आज सभांची इतिवृत्ते, वेतनपत्रके, गुणांच्या याद्या ब्राउझरमध्ये लिहिल्या जातात आणि राहतात दूरच्या कुणा कंपनीच्या यंत्रावर. ही सोय शिक्षणसंस्थांना बहुधा फुकट मिळाली, म्हणून तिचा हिशोब कोणी मांडलाच नाही. गूगलने शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण देऊ केली होती. २०२१ मध्ये ती आटोपती घेत असल्याचे जाहीर झाले आणि जुलै २०२२ पासून जुन्या संस्थांनाही १०० टेराबाइटांची सामाईक मर्यादा आली. लहान महाविद्यालयाला एवढी जागा पुरून उरेल हे खरे. देणाऱ्याने हात आखडता घेतला म्हणून त्याला दोष देण्यातही अर्थ नाही; दुसऱ्याच्या घरात राहायचे तर नियम त्याचेच असणार. परंतु अशा सेवेची खरी किंमत आत शिरताना द्यावी लागत नाही, ती बाहेर पडताना द्यावी लागते. हजारो दस्तऐवज हलवणे, नव्या पद्धतीची सवय लावणे, मधल्या काळातील गोंधळ सोसणे, हा खर्च जसजसा वाढतो तसतशी घरमालकाची भाडे वाढवण्याची शक्तीही वाढते.

याला पर्याय आहे, आणि तो फारसा गहन नाही. नेक्स्टक्लाउड व कोलाबोरा यांसारखी खुली सॉफ्टवेअरे संस्थेच्याच इमारतीतील एका सर्व्हरवर बसवता येतात. लिपिक व प्राध्यापक आपापल्या टेबलावरून ब्राउझर उघडतात. एकाच तक्त्यावर दोघातिघांना एका वेळी काम करता येते. फरक इतकाच की कागद इमारतीबाहेर जात नाही. बाहेरची इंटरनेट-जोडणी तुटली तरी इमारतीतल्या जाळ्यावर काम चालू राहते, ही गोष्ट तालुक्याच्या गावी कमी मोलाची नव्हे.

मात्र स्वावलंबनाचा पुरस्कार करणारी उत्साही मंडळी येथे एक हिशोब विसरतात. यंत्र एकदा विकत घ्यायचे असते, ते राखायचे मात्र रोज. सुरक्षेच्या सुधारणा वेळच्या वेळी कोण बसवणार, रात्री वीज गेली तर कोण पाहणार? दक्षिण कोरियाच्या सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जी-ड्राइव्ह नावाची साठवणव्यवस्था स्वतःच्याच यंत्रांवर उभारली होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील शासकीय केंद्रात बॅटऱ्यांनी पेट घेतला, आणि सुमारे ८५८ टेराबाइट मजकूर नाहीसा झाला. त्याची दुसरी प्रत अन्यत्र कुठेही नव्हती. सव्वा लाखाच्या आसपास कर्मचारी ही व्यवस्था वापरत होते. जे एका संपन्न राष्ट्राला साधले नाही, ते जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर ठेवणाऱ्या महाविद्यालयाला आपोआप साधेल असे मानणे धाडसाचे आहे.

जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याचा मार्ग म्हणूनच अभ्यासण्याजोगा वाटतो. तेथील सरकारने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३०,००० शासकीय संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचे ठरवले, फायलींसाठी नेक्स्टक्लाउड पत्करले, आणि ऑक्टोबर २०२५ पर्यंत चाळीस हजारांहून अधिक टपालपेट्या खुल्या प्रणालीवर नेल्या. हे सारे सुरळीत पार पडले असे नाही. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी झाल्याच. परंतु प्रत्येक कार्यालयाने आपापला सर्व्हर मांडलेला नाही. उत्तर जर्मनीतील अनेक राज्यांनी मिळून चालवलेली डेटापोर्ट ही सार्वजनिक संस्था त्यांच्या पाठीशी आहे. सामाईक दूधसंघ आणि साखर कारखाने उभारलेल्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. एकाच शिक्षणसंस्थेच्या आठ-दहा महाविद्यालयांनी मिळून एक सर्व्हर आणि दोन तंत्रज्ञ ठेवले, तर दरडोई खर्च आवाक्यात येईल. दोन अशासाठी की एक रजेवर जातो.

आपल्याकडे यंत्रखरेदीसाठी पैसा उभा राहतो. ते सांभाळणाऱ्या माणसाच्या वेतनाची वेळ आली की नियम आठवतात. तेव्हा अंदाजपत्रकात सर्व्हरची रक्कम लिहिण्याआधी तंत्रज्ञांचे वेतन आणि दुसऱ्या गावी ठेवायच्या प्रतीचा खर्च या दोन बाबी लिहून पाहाव्यात. त्या परवडत नसतील तर तूर्त भाड्याच्या घरातच राहावे. पण तेथूनही दर महिन्याला आपल्या दप्तराची एक प्रत उतरवून घेता येते, आणि त्यासाठी एखादी हार्ड डिस्क व लिपिकाचे एक दुपारचे काम पुरते.