मराठी चित्रपटांतील मारधाड, गुन्हा आणि थरार

मारधाडपट, गुन्हेगारीपट आणि थरारपट हे कथाप्रधान चित्रपटाचे तीन परस्परसंलग्न प्रकार आहेत. तिन्हींमध्ये संकट, संघर्ष आणि धोका हे घटक असल्याने बोलण्यात त्यांचा उल्लेख बहुधा एकत्रच होतो. मराठी चित्रपटसृष्टीची ओळख प्रामुख्याने ऐतिहासिक, संतचरित्रात्मक, कौटुंबिक, तमाशाप्रधान व विनोदी चित्रपटांमुळे झाली. तरीही या तीन प्रकारांची एक स्वतंत्र परंपरा मराठीत आढळते. अशा चित्रपटांना कलामूल्य असते, की ते दोन-अडीच तासांची निव्वळ करमणूक ठरतात, हा रसिकांमधील जुना वाद आहे. हे तीन प्रकार प्रेक्षकापुढे तीन वेगळे प्रश्न ठेवतात. परंतु त्यांचे मोजमाप पुष्कळदा एकाच मापाने केले जाते. वादाचा बराचसा भाग या गोंधळातून निर्माण होतो.

संज्ञा आणि भेद

मारधाडपटात शारीरिक हालचालीला प्राधान्य असते. द्वंद्व, पाठलाग, घोडदौड, उड्या आणि स्फोट यांतून कथा पुढे सरकते. नायक संकटातून कसा सुटेल, हा येथील मुख्य प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर संवादापेक्षा दृश्यातून मिळते.

गुन्हेगारीपटाचा केंद्रबिंदू गुन्हा, गुन्हेगार आणि कायदा यांचे संबंध हा असतो. गुन्हा कोणी केला हे येथे प्रारंभीच ठाऊक असू शकते. माणूस गुन्ह्याकडे का वळला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

थरारपटात प्रेक्षकाची उत्कंठा ताणून धरली जाते. आता पुढे काय होणार, हा त्याचा प्रश्न असतो. रहस्यपट ही त्याची निकटची शाखा असून तिच्यात घडून गेलेल्या गोष्टीचा उलगडा अपेक्षित असतो. अचानक धक्का आणि उत्कंठा यांतील भेद आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकाने एका उदाहरणाने स्पष्ट केला आहे. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला, तर प्रेक्षकाला क्षणभर धक्का बसतो. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला आणि टेबलाभोवतीची माणसे निर्धास्तपणे गप्पा मारत राहिली, तर तेवढा सगळा वेळ उत्कंठा टिकून राहते. थरार हा माहिती लपविण्याइतकाच ती योग्य वेळी देण्यावर अवलंबून असतो, असा याचा अर्थ होतो.

प्रत्यक्षात एकाच चित्रपटात तिन्ही प्रकार मिसळलेले असतात. वर्गीकरण करताना कोणता प्रश्न प्रधान आहे, हे पाहावे लागते.

रसविचार

भीती उत्पन्न करणारी कलाकृती हलक्या दर्जाची, या समजुतीला भारतीय साहित्यशास्त्रात आधार नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत. त्यांपैकी वीर, रौद्र, भयानक, बीभत्स आणि अद्भुत या पाच रसांचे स्थायीभाव अनुक्रमे उत्साह, क्रोध, भय, जुगुप्सा आणि विस्मय हे आहेत. मारधाडपट वीर व रौद्र रसांवर, तर थरारपट भयानक व अद्भुत रसांवर उभा असतो, असे स्थूलमानाने म्हणता येते. गुन्हेगारीपटाच्या उत्तम उदाहरणांत शेवटी करुण रस प्रबळ होतो.

त्याच ग्रंथात युद्ध, मरण, राज्यनाश व नगराचा वेढा या घटना अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकाद्वारे सूचित कराव्यात, असा संकेत आहे. हिंसेचा विषय निषिद्ध नाही, पण तिचे दर्शन कसे घडवावे याला मर्यादा आहे, ही भूमिका त्यातून दिसते. आजच्या वादातही हाच मुद्दा वारंवार येतो.

पूर्वपीठिका

मूकपटांच्या काळात कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ऐतिहासिक चित्रपटांतून लढाईची दृश्ये पडद्यावर आणली. बाबूराव पेंटर यांचा 'सिंहगड' (१९२३) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. याच कंपनीत उमेदवारी केलेले मास्टर विठ्ठल पुढे साहसी मूकपटांचे लोकप्रिय नायक झाले. भारतातील पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) याचेही ते नायक होते.

रहस्यकथेची आवड मराठी वाचकांत मुख्यतः स्वस्त कादंबऱ्यांमुळे रुजली. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; त्यांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक घरोघरी पोहोचले. गुरुनाथ नाईक व सुहास शिरवळकर यांनी ही परंपरा पुढे नेली. रंगभूमीवर आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' (१९६२) या नाटकाने न्यायालयीन नाट्याची ताकद दाखवून दिली. या नाटकात आरोपी कोण आहे हे प्रेक्षकाला कळलेले असते; तो पकडला जाईल का, ही उत्कंठा मात्र शेवटपर्यंत टिकते.

प्रमुख टप्पे

राजा परांजपे दिग्दर्शित 'पाठलाग' (१९६४) हा मराठी रहस्यपटांतील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. पत्नीच्या निधनाचे दुःख भोगणाऱ्या नायकासमोर तंतोतंत तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री आरोपी म्हणून येते आणि आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते, असे याचे कथासूत्र आहे. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटासाठीचे राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. त्यावरूनच राज खोसला यांनी 'मेरा साया' (१९६६) हा हिंदी चित्रपट काढला. वसंत जोगळेकर यांच्या 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) या चित्रपटात गावातील भुताची भीती आणि नायिकेची मानसिक अवस्था यांची गुंफण होती.

जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर लिखित 'सामना' हा रूढ अर्थाने रहस्यपट नाही. तरीही मारुती कांबळे या माणसाचे काय झाले, या एकाच प्रश्नाभोवती तो फिरतो. या शोधातून साखर कारखानदारीच्या परिसरातील सत्तेचे चित्र उभे राहते. निळू फुले व श्रीराम लागू यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवात दाखवला गेला.

मराठी कथा हिंदी पडद्यावर गेल्याचे ठळक उदाहरण म्हणजे गोविंद निहलानी यांचा 'अर्धसत्य' (१९८३). श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या कथेवरून तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. अनंत वेलणकर या पोलीस उपनिरीक्षकाची ओम पुरी यांनी केलेली आणि रामा शेट्टीची सदाशिव अमरापूरकर यांनी केलेली भूमिका अभ्यासकांच्या कायम चर्चेत राहिली आहे.

पुण्यात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात झालेल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने महाराष्ट्र हादरला होता. त्यात दहा जणांचे बळी गेले आणि चार आरोपींना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी फाशी देण्यात आली. या प्रकरणावर आधारित 'माफीचा साक्षीदार' (१९८६) हा चित्रपट राजदत्त यांनी दिग्दर्शित केला. त्यात नाना पाटेकर यांची भूमिका होती. सत्य घटनेतील क्रौर्य पडद्यावर आणताना बळींच्या कुटुंबीयांविषयी कोणते भान ठेवावे, हा प्रश्न अशा चित्रपटांमुळे पुढे येतो.

महेश कोठारे यांनी मारधाड व विनोद यांचे मिश्रण लोकप्रिय केले. 'थरथराट' (१९८९), 'धडाकेबाज' (१९९०) आणि 'झपाटलेला' (१९९३) यांतील टकलू हैवान, कवट्या महाकाळ व तात्या विंचू हे खलनायक त्या पिढीच्या बालपणाचा भाग झाले. 'झपाटलेला'मधील बाहुलीचा खेळ शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी साकारला होता.

चंद्रकांत कुलकर्णी यांच्या 'बिनधास्त' (१९९९) या चित्रपटाने स्त्री-व्यक्तिरेखांना मध्यवर्ती ठेवून थरारपट रचला. निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट' (२००५) या चित्रपटात बँकेत नोकरी करणारा माधव आपटे हा सामान्य माणूस व्यवस्थेविरुद्ध हिंसेकडे वळतो. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढील काळात अभिजित पानसे यांचा 'रेगे' (२०१४) आणि प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' (२०१८) हे चित्रपट गाजले.

वादाचे मुद्दे

रहस्य फुटल्यानंतर काय उरते? थरारपट एकदाच पाहण्याजोगा असतो, हा त्याच्यावरील जुना आक्षेप आहे. म्हणूनच शेवट सांगून टाकणाऱ्यावर रसिक रागावतात. या समजुतीला छेद देणारा एक प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ज्या वाचकांना लघुकथांचा शेवट आधीच सांगितला होता, त्यांना त्या कथा सरासरीने अधिक आवडल्या. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. 'पाठलाग'चे रहस्य ठाऊक असलेले प्रेक्षकही तो पुन्हा पाहतात. कारण दुसऱ्या वेळी लक्ष उलगड्याऐवजी नायकाच्या द्विधा मनःस्थितीकडे जाते.

उलगडा न्याय्य आहे का? इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुप्तहेराला सापडलेले धागेदोरे वाचकापासून लपवू नयेत, हे त्यांतील महत्त्वाचे सूत्र आहे. शेवटच्या प्रसंगात अचानक नवे पात्र आणून गुन्हा त्याच्या माथी मारणारा चित्रपट रसिकांना फसवणूक वाटतो, तो याच कारणाने.

गुन्हेगाराचे उदात्तीकरण होते का? हा सर्वांत गंभीर मुद्दा आहे. 'मुळशी पॅटर्न'च्या बाजूने बोलणारे त्यातील जमीनविक्रीकडे लक्ष वेधतात. पुण्याजवळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, पैसा संपला आणि मुलांच्या हाती शस्त्रे आली, ही साखळी चित्रपट स्पष्टपणे दाखवतो. विरोधकांचे म्हणणे असे, की प्रेक्षक ही साखळी विसरतो आणि त्याच्या लक्षात राहतात ते गुंडाचे संवाद, चाल आणि दरारा. दोन्ही बाजू एकाच चित्रपटाविषयी बोलत असतात. एक कथेच्या आशयाविषयी आणि दुसरी प्रतिमेच्या परिणामाविषयी. नायकाचा अंत वाईट दाखवल्याने त्याआधीच्या दोन तासांतील आकर्षण पुसले जाते, असे गृहीत धरता येत नाही. त्याच वेळी गुन्हेगाराला माणूस म्हणून दाखवणे म्हणजे त्याचा गौरव करणे, असेही ठरत नाही.

कल्पना उसनी असल्यास मोल कमी होते का? 'डोंबिवली फास्ट'ची तुलना 'फॉलिंग डाउन' (१९९३) या अमेरिकी चित्रपटाशी केली जाते. मात्र लोकलमधील गर्दी आणि मध्यमवर्गीय नोकरदाराची घुसमट हे त्याचे द्रव्य पूर्णपणे इथले आहे. उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली आहे. 'बिनधास्त'वरून प्रियदर्शन यांनी तमिळ चित्रपट केला, 'डोंबिवली फास्ट'ची तमिळ आवृत्ती २००७ मध्ये आली आणि 'मुळशी पॅटर्न'वरून 'अंतिम' (२०२१) हा हिंदी चित्रपट निघाला.

कोकणातील प्रेक्षक आणि मुंबईची गुन्हेगारी कथा

या चित्रपटांचा अर्थ प्रेक्षक कोणत्या गावचा आहे यावरही अवलंबून असतो. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात मुंबई–गोवा महामार्गावर वसलेले सावर्डे आणि त्याच्यासारखी कोकणातील गावे मुंबईशी चाकरमान्यांच्या नात्याने बांधलेली आहेत. मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांत कोकणातून, विशेषतः रत्नागिरी परिसरातून गेलेल्यांचे प्रमाण मोठे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातील हजारो घरांचे उत्पन्न थांबले.

जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकावर आधारलेला महेश मांजरेकर यांचा 'लालबाग परळ' (२०१०) हा चित्रपट याच काळाविषयी आहे. एका गिरणी कामगाराच्या घरातील मुलगा टोळीकडे ओढला जातो, ही त्यातील एक घटना आहे. शहरी प्रेक्षकाला तो गुन्हेगारीपट वाटू शकतो. ज्याच्या घरातील कोणी गिरणीत होते, त्याला तो बंद झालेल्या मनीऑर्डरचा आणि गावी परतलेल्या माणसांचा इतिहास वाटतो. त्यामुळे या चित्रपटातील हिंसा अतिरंजित आहे का, या प्रश्नाचे उत्तर दोघे वेगवेगळे देतात. 'सत्या' (१९९८), 'वास्तव' (१९९९) व 'दगडी चाळ' (२०१५) या मुंबईच्या टोळीजगतावरील चित्रपटांची चर्चाही या पार्श्वभूमीशिवाय अपुरी राहते.

चित्रपटवेड स्वतःच कथेचा विषय झाल्याचे उदाहरण शेजारच्या गोव्यात घडणाऱ्या 'दृश्यम' (२०१५) या हिंदी चित्रपटात सापडते. जीतू जोसेफ यांच्या २०१३ मधील मल्याळम चित्रपटाची ही आवृत्ती निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केली. तिचा नायक विजय साळगावकर केबल व्यावसायिक असून त्याचे शालेय शिक्षण अपुरे आहे. पोलीस, न्यायालय आणि पुरावा यांविषयीचे त्याचे सारे ज्ञान चित्रपट पाहून आलेले आहे आणि तेच कुटुंबाच्या बचावासाठी तो वापरतो. चित्रपटांतून माणूस काय शिकतो, या वादाला हे कथानक दुहेरी उत्तर देते. तो विचार करायला शिकतो आणि सत्य लपवायलाही शिकतो.

प्रमाणपत्र आणि वयोगट

भारतात चित्रपटांना १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्र दिले जाते. हिंसा व भयप्रद दृश्यांमुळे या प्रकारांतील अनेक चित्रपटांना 'यूए' किंवा 'ए' प्रमाणपत्र मिळते. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए' वर्गात सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे केले. प्रमाणपत्र चित्रपट कोणत्या वयासाठी योग्य आहे एवढेच सांगते. तो चांगला आहे की वाईट, हे त्यावरून ठरत नाही.

मूल्यमापन

या प्रकारांतील चित्रपटाचे परीक्षण करताना प्रथम त्याचा प्रधान प्रश्न ओळखणे उपयुक्त ठरते. मारधाडपटात हालचाल स्पष्ट दिसते का आणि प्रत्येक झुंजीने कथा पुढे जाते का, हे पाहावे लागते. थरारपटात माहिती कोणत्या क्रमाने दिली आणि उलगडा आधीच्या खुणांशी जुळतो का, याची तपासणी होते. गुन्हेगारीपटात गुन्ह्याची कारणे पटण्याजोगी आहेत का आणि बळी पडलेल्या माणसाला कथेत स्थान आहे का, हे निकष महत्त्वाचे ठरतात. 'धडाकेबाज'मध्ये सामाजिक चिकित्सा नाही म्हणून तो फसला, असे म्हणणे जितके अप्रस्तुत आहे, तितकेच 'सामना'त हाणामारी कमी आहे म्हणून तो कंटाळवाणा आहे, असे म्हणणेही अप्रस्तुत आहे. मापे वेगळी ठेवली, की रसिकांमधील मतभेद संपत नाहीत; पण ते एकाच गोष्टीविषयी होऊ लागतात.