स्वस्त फोल्डिंग सायकल घरीच ‘अपग्रेड’ करायची आहे? खर्च कुठे करावा आणि हात कुठे आवरावा?

इमारतीच्या पार्किंगमध्ये जागा नाही, जिन्याखाली ठेवली तर चोरीची भीती आणि ऑफिस मेट्रो स्थानकापासून तीन किलोमीटर दूर. अशा हिशेबातून दहा-पंधरा हजारांची फोल्डिंग सायकल घरात येते. पहिला महिना मजेत जातो. मग कुरबुरी सुरू होतात. पाय कितीही फिरवले तरी वेग येत नाही, ब्रेक ओरडतात, मधला जोड कुरकुरतो. लंडनमध्ये बनणारी ब्रॉम्प्टन भारतात लाखापलीकडे जाते. मग उरतो मार्ग एकच, आहे तीच सायकल सुधारण्याचा. तो अवघड नाही, कारण स्वस्त सायकलचेही बरेचसे भाग ठरलेल्या मापाचे असतात आणि बाजारात सहज मिळतात. गडबड होते ती क्रमात. बहुतेक जण आधी गिअरवर पैसे घालतात. खरे तर सुरुवात जोडापासून आणि ब्रेकपासून व्हायला हवी.

जोड सैल आहे हे कसे ओळखायचे?

फोल्डिंग सायकलला घडीचे दोन जोड असतात. एक फ्रेमच्या मधोमध, दुसरा हँडलच्या दांड्याच्या तळाशी. चालत्या सायकलचा हा दुसरा जोड सुटला तर सावरायला वेळच मिळत नाही. तपासणी मात्र दोन मिनिटांची आहे. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडल पुढे-मागे हलवा. दुसऱ्या हाताचे बोट जोडाच्या फटीवर ठेवा. ‘खट्’ असे जाणवले तर जोड सैल आहे. बोटाखाली काही हलत नसेल, तर आवाज बहुधा हँडलच्या बेअरिंगमधून येतो आहे.

लिव्हर बंद करताना तळहाताला बऱ्यापैकी जोर लागला पाहिजे. बहुतेक लिव्हरना ताण कमी-जास्त करण्यासाठी छोटा नट किंवा स्क्रू असतो. तो एका वेळी पाव फेराच फिरवावा. अति आवळणेही वाईट, त्याने लिव्हरच तुटू शकते. मग जोडाच्या आसपासचे वेल्डिंग ओल्या फडक्याने पुसून टॉर्चच्या उजेडात पाहावे. रंगावर केसासारखी रेघ दिसली आणि ती पुसली जात नसेल, तर सायकल चालवणे थांबवावे. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेण्याचा मोह टाळलेलाच बरा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तर अजिबात नाही, कारण त्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो.

ब्रेकसाठी फ्रिजवरचे मॅग्नेट आणा

रिमला मॅग्नेट चिकटले तर रिम पोलादाची. चकचकीत पोलादी रिम कोरड्या रस्त्यावर चालून जाते, पण पावसात तिच्यावर ब्रेक लागायला धडकी भरेल इतका वेळ लागतो. जून ते सप्टेंबर सायकल चालवायची असेल, तर ॲल्युमिनियमच्या रिमचा खर्च गिअरच्या आधी करावा. रिम ॲल्युमिनियमची असेल, तर काम काही शे रुपयांत भागते. चांगल्या प्रतीचे ब्रेकचे रबर आणि नव्या केबल एवढेच पुरते. रबर बसवताना त्याचे पुढचे टोक रिमला किंचित आधी टेकेल असे ठेवले की ओरडणे बहुतेक वेळा थांबते.

केबल कापताना मात्र फोल्डिंगची खास गोम आहे. साध्या सायकलच्या मापाने बाहेरची नळी कापली, तर घडी घालताना ती ताणली जाते किंवा मुडपते. म्हणून आधी सायकलची घडी घालावी, हँडल दोन्ही बाजूंना वळवून पाहावे आणि मगच नळी कापावी.

पाय फिरतात, सायकल का पळत नाही?

दोष पायांचा नाही, चाकाच्या घेराचा आहे. 20 इंची चाक एका फेऱ्यात साधारण दीड मीटर पुढे जाते. पुढे 46 दात आणि मागे 14 दात असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 4.9 मीटर सरकते. मिनिटाला 60 फेरे मारले तर वेग होतो ताशी साडेसतरा किलोमीटरच्या आसपास. याच दातांवर 26 इंची सायकल ताशी 24 च्या पुढे जाते.

उपाय दोन. पुढची चक्री 52 दातांची केली तर वेग ताशी 20 होतो. मागचे फ्रीव्हील 11 दातांपासून सुरू होणारे घेतले, तर पुढचे 46 तसेच ठेवूनही साडेबावीस मिळतात. दुसरा पर्याय अधिक शहाणपणाचा. पुढची चक्री मोठी केली की चढावरचा सर्वांत हलका गिअरही जड होतो, साखळी कमी पडते आणि स्वस्त सायकलींत ती चक्री क्रँकला रिव्हेट केलेली असल्याने अख्खा क्रँकच बदलावा लागतो.

त्याआधी टायर पाहावेत. कडेला ‘47-406’ असे काही छापलेले असते. यातला 406 हा आकडा महत्त्वाचा. ‘20 इंच’ या एकाच नावाखाली 406 आणि 451 मिलिमीटरच्या रिम विकल्या जातात आणि एकीचा टायर दुसरीवर बसत नाही. जास्त हवा सहन करणारा, कमी नक्षीचा टायर घेतला तर सायकल तेवढ्याच जोरात पुढे घरंगळते. हवा छापलेल्या मर्यादेतच भरावी.

कुठे थांबायचे?

सीटचा पाइप लांब घ्यायचा असेल, तर मापाचाच घ्यावा. सैल पाइपभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळण्याची युक्ती गल्लोगल्ली चालते, पण तो घसरतो. पाइपवरची किमान खोलीची खूण आत गेलीच पाहिजे. डिस्क ब्रेकसाठी चिमट्यावर आणि फ्रेमवर जागा नसेल, तर तो विषय तिथेच संपतो. पुढच्या चाकात इलेक्ट्रिक मोटर बसवण्याचा किट मोहक वाटतो, पण तिचा झटका स्वस्त चिमट्याच्या पातळ खाचांवर येतो आणि वाढलेला वेग त्याच घडीच्या जोडाला पेलावा लागतो.

हत्यारांत 4, 5 आणि 6 मिमीचे ॲलन पाने, पेडलसाठी 15 मिमीचा पाना आणि केबल कापायची कात्री पुरे. डावे पेडल उलट्या आट्यांचे असते, हे विसरून जोर लावणारे आटेच खराब करून बसतात. फ्रीव्हील काढायचे हत्यार मात्र विकत घेऊ नये. चाक उचलून सायकलवाल्याकडे न्यावे, त्याचे काम पाच मिनिटांचे असते.