भोपळ्याआडचं हसरं भूत

३१ ऑक्टोबरची संध्याकाळ झाली, की अमेरिकेतली मुलं भुताखेतांचे वेश करून घरोघरी खाऊ मागत हिंडतात. हा त्यांचा हॅलोविन. दारात पोखरलेले भोपळे असतात. त्यांना डोळे, नाक, दात कोरायचे आणि आत दिवा लावायचा. पूर्वी आयर्लंड-स्कॉटलंडकडे यासाठी सलगम कोरत. १९व्या शतकात तिकडची पुष्कळ माणसं अमेरिकेत आली. तिथं त्यांना भोपळा मिळाला, सलगमपेक्षा मोठा आणि पोखरायला कितीतरी सोपा! युक्ती जुनीच, पण भोपळा नवा.

या सणाला शुभेच्छापत्रंही पाठवतात. एलन क्लॅपसॅडल (१८६५–१९३४) या अमेरिकन चित्रकर्तीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अशी पोस्टकार्डं काढली. त्यातली काही तर फारच गमतीची! चित्रातल्या मुलाचा हात वेगळा कापून जोडलेला. हात वर केला, की हातातला भोपळा चेहऱ्यासमोर येतो. खाली केला, की मूल हसताना दिसतं.

“बाई, बघून काढलं तर चालेल का?” हा प्रश्न वर्गात नेहमी येतो. सरावासाठी जरूर काढा. हात त्यानेच वळतो. पण आपलं म्हणून कुणाला द्यायचं असेल, तर दुसऱ्याचं चित्र जसंच्या तसं उतरवू नका. युक्ती घ्या, चित्र आपलं काढा. चला तर, करून पाहू.

साहित्य : जाड कार्डशीट (३० × २० सेंमी), जुन्या वहीचा पुठ्ठा, पेन्सिल, कंपास, कात्री, रंग, सुई, जाड दोरा आणि शर्टाची दोन बटणं.

कृती : कार्डशीटची मधोमध घडी घाला. १५ × २० सेंमीचं कार्ड तयार होईल. पुढच्या बाजूला भूत काढा. तोंडासाठी ५ सेंमी व्यासाचं वर्तुळ घ्या. भूत बोळकं असू दे, चष्मेवालं असू दे, नाहीतर दोन वेण्यांचं! फक्त एक हात काढू नका.

आता खांद्यावर एक ठिपका द्या. ठिपक्यापासून चेहऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. समजा, ते ६ सेंमी आलं. मग पुठ्ठ्यावर असा हात काढा, की खांद्याच्या टोकापासून भोपळ्याचा मध्य बरोबर ६ सेंमीवर येईल. असं का? हात खांद्याभोवती कंपाससारखा फिरतो. अंतर सारखं असेल, तरच भोपळा नेमका चेहऱ्यावर येतो. भोपळा ६ सेंमी व्यासाचा ठेवा, म्हणजे चेहरा पुरता झाकेल. हात आणि भोपळा एकसंध कापून रंगवा.

हात खांद्यावर ठेवा. एक बटण वर, एक पानाच्या आतल्या बाजूला धरून दोन्ही दोऱ्याने शिवून टाका. दोरा फार ओढू नका, हात अडकेल. फार सैल ठेवलात, तर तो लोंबेल. दोन-तीनदा फिरवून पाहा, मगच गाठ मारा. आत तुमचा मजकूर लिहा.

आता शेवटचं आणि महत्त्वाचं काम. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात लिहा : ‘युक्ती – एलन क्लॅपसॅडल यांच्या पोस्टकार्डावरून. चित्र –’ आणि पुढे तुमचं नाव. एवढ्याने आपलं कार्ड कमी ठरत नाही. उलट, कोणतं काम आपलं, हे त्यामुळे स्पष्ट कळतं. मैत्रिणीच्या कार्डावरून काही घेतलंत, तर तिचंही नाव असंच लिहा. बघा, ती किती खूश होते!

पालकांनो, लहान मुलांना सुई-कात्री देताना जवळ बसा. पण चित्र मात्र सुधारून देऊ नका. भुताचं नाक वाकडं आलं, तर येऊ द्या. ते तुमच्या मुलाचं भूत आहे!